विश्लेषण : ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ म्हणजे नेमके काय? पट्टीचे पोहणारेही नदीत का बुडतात?

उन्हाळ्याची सुटी लागली की अहिल्यानगर जिल्ह्यातून बुडून मृत्यूच्या बातम्या येऊ लागतात. कधी शेततळे, कधी बंधारा, कधी धरणाचा फुगवटा. गाव बदलते, नावे बदलतात, पण बातमीत एक वाक्य हमखास असते : ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’. हा अंदाज कशाचा घ्यायचा असतो? लहानपणापासून विहिरीत सूर मारणाऱ्यालाही तो का येत नाही? आणि एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे का बुडतात? समजून घेऊ.

सुगावला काय घडले होते?

२२ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यातील सुगाव बुद्रुक येथे प्रवरा नदीत दोन तरुण बुडाले. शोधासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे (एसडीआरएफ) पथक बोलावण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पथक पाण्यात उतरले आणि भोवऱ्यात सापडून त्यांची बोट उलटली. त्यात एक पोलीस उपनिरीक्षक आणि दोन जवान अशा तिघांचा मृत्यू झाला.

ही घटना इथे सांगण्याचे कारण एकच. बुडालेले तिघे हौशी पोहणारे नव्हते. पाण्यातल्या बचावाचे प्रशिक्षण घेतलेले, बोट आणि साहित्य घेऊन आलेले जवान होते. महिना पावसाळ्याचा नव्हता, नदीला पूरही नव्हता. तरीही प्रवरेच्या त्या पट्ट्याने तिघांचा बळी घेतला. ‘पोहता येत नव्हते म्हणून बुडाला’ हे स्पष्टीकरण अशा वेळी पुरत नाही.

प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार, २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोकांचा बुडून मृत्यू झाला. त्यातील ९० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. जवळपास एक चतुर्थांश मृत्यू पाच वर्षांखालील मुलांचे आहेत. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) आकडेवारीनुसार २०२२ मध्ये सुमारे ३८ हजार जण बुडाले. राज्यांच्या यादीत मध्य प्रदेशाखालोखाल महाराष्ट्र होता.

समुद्रातील दुर्घटनांची चर्चा जास्त होते. पण ज्या मध्य प्रदेशाला समुद्रकिनारा नाही, तो यादीत पहिला आहे. म्हणजे हा प्रश्न मुख्यतः नदी, विहीर, तलाव आणि कालव्यांचा आहे. प्रवरा, मुळा, गोदावरी, भीमा, सीना, कुकडी, घोड या नद्या आणि गावोगावची शेततळी असलेल्या जिल्ह्याला तो थेट लागू पडतो.

विहीर आणि नदी यांत फरक काय?

ग्रामीण भागात पोहणे शिकले जाते ते विहिरीत. पाठीला भोपळा, डबा किंवा ट्यूब बांधायची, आठ-दहा दिवसांत ती सोडायची आणि नंतर काठावरून सूर मारायचा. यात वाईट काही नाही. पण विहिरीतले पाणी स्थिर असते. चारही बाजूंना कडा हाताच्या अंतरावर असते. दम लागला की पायरी किंवा दोर धरता येतो. वर काका, मामा नाहीतर मोठा भाऊ उभा असतो. विहीर आपल्याला तरंगायला आणि हात मारायला शिकवते. वाहत्या पाण्याशी ती आपली ओळख करून देत नाही.

नदीत पहिला फरक वेगाचा. जगातील सर्वांत वेगवान जलतरणपटू ५० मीटर अंतर सुमारे २१ सेकंदांत कापतात, म्हणजे सेकंदाला साधारण २.४ मीटर. तेही तरणतलावात, फक्त २१ सेकंद. हौशी पोहणारा सेकंदाला जेमतेम एक मीटर जातो आणि काही मिनिटांत थकतो. नदीचा प्रवाह सेकंदाला दीड मीटर असेल, तर तो जोरात हात मारूनही प्रवाहाविरुद्ध मागेच जाणार. यात हिमतीचा संबंध नाही, हे साधे वजाबाकीचे गणित आहे.

दुसरे गणित दाबाचे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा अंगावर येणारा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर सेकंदाला एक मीटर वेगाच्या प्रवाहात ढोबळमानाने १५ किलोचा रेटा येतो. वेग दोन मीटर झाला की तोच रेटा ६० किलोच्या घरात जातो. काठावरून पाहताना हे दोन्ही प्रवाह सारखेच दिसतात. आत पाय टाकल्यावर मात्र पहिल्यात उभे राहता येते, दुसऱ्यात पाय सुटतात.

तिसरा फरक तळाचा. जिथे वाळूचा उपसा झालेला असतो तिथे पात्रात मोठाले खड्डे असतात. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्याच पावलाला डोक्यावरच्या पाण्यात जातो. पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडीच्या पात्रातील रांजणखळग्यांत तर नदीनेच खडकात खोल रांजण कोरले आहेत. त्यांच्या कडा गुळगुळीत आहेत. आत पडलेल्याला बोटे रोवायला जागा मिळत नाही.

भर उन्हाळ्यात नदीला पाणी येते कुठून?

धरणातून. नगर जिल्ह्यात नदीचे पाणी समजून घ्यायचे तर आवर्तन समजून घ्यावे लागते. भंडारदरा (सुमारे ११ टीएमसी) आणि त्याखालचे निळवंडे (सुमारे ८ टीएमसी) ही धरणे प्रवरेवर आहेत. प्रवरेचे जुने डावे आणि उजवे कालवे मात्र धरणाच्या भिंतीपासून निघत नाहीत, ते संगमनेर तालुक्यातील ओझर बंधाऱ्यापासून निघतात. त्यामुळे या कालव्यांसाठी धरणातून सोडलेले पाणी ओझरपर्यंत नदीपात्रातूनच जाते. म्हणजे अकोले ते ओझर हा प्रवरेचा पट्टा उन्हाळ्यात एखाद्या मोठ्या कालव्यासारखा वापरला जातो.

परिणाम असा की ज्या जागी मागच्या आठवड्यात पोरे क्रिकेट खेळत होती, तिथे या आठवड्यात छातीइतके पाणी असते. पाऊस नाही, आभाळ निरभ्र, पाणी स्वच्छ आणि थंड. उकाड्याने हैराण झालेल्याला यापेक्षा मोठे आमंत्रण नाही. पावसाळ्यात गढूळ लोंढा पाहून माणूस आपणच मागे सरतो. आवर्तनाचे निळेशार पाणी तशी भीती घालत नाही.

‘धरणातून एक हजार क्युसेकने विसर्ग’ ही बातमी आपण रोज वाचतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. एक हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ हजार लिटर. दहा हजार लिटरचे पाण्याचे जवळपास तीन टँकर दर सेकंदाला एकाच जागेवरून पुढे जात आहेत अशी कल्पना करा. हा विसर्ग दिवसातही कमी-जास्त होतो. सकाळी पार केलेली नदी दुपारी तशीच असेल असे नाही. जलसंपदा विभाग नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देतो. तो मोटारी काढून घेण्यासाठी जितक्या गांभीर्याने वाचला जातो, तितकाच पोहायला जाण्यापूर्वीही वाचायला हवा.

बंधाऱ्याखालचे पाणी सर्वांत धोकादायक का?

नदीवरील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, म्हणजे बोलीभाषेत केटी वेअर, ही गावातल्या मुलांची आवडती जागा. वरून पडणाऱ्या पाण्याखाली बसायला मजा येते. पण जलविज्ञानाच्या दृष्टीने ही नदीतली सर्वांत वाईट जागा आहे.

भिंतीवरून खाली पडणारे पाणी तळाशी आपटते, थोडे पुढे जाऊन वर उसळते आणि त्यातला काही भाग पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे वळतो. म्हणजे वरच्या थरात पाणी उलटे, भिंतीच्या दिशेने वाहते. आत सापडलेला माणूस भिंतीकडे ओढला जातो, पडणाऱ्या पाण्याखाली दाबला जातो, पुढे वर येतो आणि पुन्हा मागे ओढला जातो. हे चक्र थांबत नाही. शिवाय त्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. हवा मिसळलेले पाणी हलके, म्हणून ते शरीराला कमी उचलते. पोहणाऱ्याचे हात फेसात चालतात आणि पकड मिळत नाही. बोटीलाही हेच चक्र भिंतीकडे ओढू शकते.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला धोका वेगळा. फळ्या अर्धवट काढलेल्या असतील तर त्या फटीतून पाणी प्रचंड जोराने खेचले जाते. पृष्ठभाग संथ दिसतो, पण खाली माणूस फटीला चिकटू शकतो. म्हणून नियम सोपा ठेवावा : बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल किंवा फळ्यांतून सुटत असेल, तर वरही नाही आणि खालीही नाही.

धरणाचे पाणी तर संथ असते, मग धोका कशाचा?

भंडारदरा, मुळा आणि उजनीच्या फुगवट्यात धोका वेगापेक्षा खोलीचा, चिखलाचा आणि वाऱ्याचा आहे. जलाशयाचा काठ हा मूळ डोंगराचा उतार असतो. दोन पावले सपाट आणि तिसऱ्याला थेट खोल, असे तिथे होते. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पाय रुततो. वरचे पाणी कोमट आणि खालचे गार असल्याने खोल बुडी मारणाऱ्याचा श्वास अचानक आखडतो. पलीकडचा काठ जवळ दिसतो, पण पाण्यावर अंतराचा अंदाज चुकतो.

वाऱ्याचे उदाहरण २१ मे २०२४ चे आहे, सुगावच्या घटनेच्या आदल्याच दिवसाचे. उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा मृत्यू झाला, एक जण पोहत काठावर आला. कर्जत तालुक्यालाही याच उजनीच्या फुगवट्याचे पाणी लागते. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग जमले की शांत जलाशयावर काही मिनिटांत लाटा उठतात. बोटिंग करायचे तर सकाळी, आणि आभाळ भरून आले की नाही, हा नियम पाळणे अवघड नाही.

बोटीत बसताना लाइफ जॅकेट अंगावर असले पाहिजे, सीटखाली नव्हे. बोट उलटायला काही सेकंद लागतात, जॅकेट शोधून बंद लावायला मिनिट जाते. जॅकेट खांद्याला धरून वर ओढून पाहा. ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर माप मोठे आहे. लहान मुलाला मोठ्याचे जॅकेट घालणे म्हणजे न घालण्यासारखेच. हवेची ट्यूब किंवा थर्माकोल हा जॅकेटला पर्याय नाही.

शेततळ्यात पोहणारा बाहेर का येऊ शकत नाही?

‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत सर्वांत मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि तीन मीटर खोल होते. तीन मीटर म्हणजे दोन माणसे एकावर एक उभी राहतील एवढी खोली. पाणी मुरू नये म्हणून तळ्याला प्लास्टिकचे अस्तर असते. ओल्या आणि शेवाळलेल्या प्लास्टिकच्या उतारावर पाय ठरत नाही, हाताला काही लागत नाही. पोहता येणारा माणूसही काठाशी येऊन घसरतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि अखेर दमतो. काठ दोन हातांवर असताना तो बुडतो.

यावरचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर वरच्या खुंटीपासून पाण्यात सोडून ठेवायचा. दोरावर मध्ये मध्ये जुने टायर बांधले तर पाय ठेवायला जागा होते. आणि तळ्याला कुंपण. अस्तरावर केलेल्या खर्चाच्या तुलनेत दोराचा खर्च काहीच नाही.

समुद्रावर नियम वेगळे असतात का?

सुटीत कोकण-गोव्याला जाणाऱ्या नगरकरांसाठी हेही महत्त्वाचे. समुद्र जास्त अक्राळविक्राळ, पण व्यवस्था बऱ्याच ठिकाणी नदीपेक्षा चांगली. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची संघटित सेवा आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात जीवरक्षकाची नजर असते, पोहायचे तर तिथेच. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचे नाही.

भूमध्य समुद्राकाठच्या देशांत ही शिस्त आणखी पुढे गेली आहे. स्पेनमध्ये किनाऱ्यावर हिरवा, पिवळा, लाल असे झेंडे तर असतातच. शिवाय जिथे तरंगती बोयरी लावून पट्टा आखलेला नाही, तिथे किनाऱ्यापासून २०० मीटरपर्यंतचे पाणी पोहणाऱ्यांचे मानले जाते. मोटरबोट आणि जेट स्की यांना ठरलेल्या मार्गानेच, संथ वेगात ये-जा करावी लागते. पोहणारे आणि यंत्रे एकाच पाण्यात मिसळू द्यायची नाहीत, हे त्यामागचे तत्त्व. आपल्या किनाऱ्यांवर जेट स्कीच्या शेजारी मुले डुंबताना दिसतात, तेव्हा हा फरक जाणवतो.

पण तिकडचा अनुभव कोकणात जसाच्या तसा लागू होत नाही. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक फार कमी असतो, बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्याही आत. कोकण किनाऱ्यावर तो कित्येक मीटरचा असतो. भरतीत पाणी मागून वेढते, ओहोटीत आत ओढते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्यातील महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींच्या नियमांवर बरीच चर्चा झाली. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा डायव्हिंगच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. म्हणून कोकणात उतरण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ मोबाइलवर पाहावी, स्थानिक कोळ्यांना विचारावे. परतीच्या प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे थेट पोहू नका. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर या आणि मग वळा.

वाचवणारा का बुडतो?

बुडणारा माणूस चित्रपटातल्यासारखा हात हलवत ‘वाचवा, वाचवा’ ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना श्वास घेणेच जमत नाही, मग ओरडणार कसे? तो उभा राहतो, डोके मागे टाकतो, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबतो आणि अनेकदा मिनिटभरात खाली जातो. शेजारी पोहणाऱ्यांना वाटते, तो खेळतोय.

अशा माणसाच्या जवळ कोणी गेले की तो जे हाती लागेल त्यावर चढतो. ही कृती विचारपूर्वक नसते. वाचवायला गेलेल्याची मान, खांदा, हात धरला जातो आणि दोघे खाली जातात. मग तिसरा उडी मारतो. भाऊ, बाप, मित्र असे एकामागे एक जातात. ‘एकाला वाचवताना तिघांचा मृत्यू’ अशा बातमीमागे बहुतेक वेळा हीच साखळी असते.

ही साखळी फक्त नदीत तयार होत नाही. ९ एप्रिल २०२४ रोजी नेवासे तालुक्यातील वाकडी येथे बायोगॅसच्या शेणस्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला काढण्यासाठी एक जण उतरला, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. पाच जणांचा मृत्यू झाला. आपल्याकडे माणूस संकटात दिसला की मागे न पाहता उडी घेणाऱ्याला आपण धाडसी म्हणतो. ते धाडस खरेच असते. त्याला फक्त दोर आणि दोन मिनिटांचे प्रशिक्षण मिळालेले नसते.

मग डोळ्यांदेखत कोणी बुडत असेल तर काय करायचे?

जगभरातले जीवरक्षक एकच क्रम शिकवतात.

पहिले, काहीतरी पुढे करा : काठी, बांबू, झाडाची फांदी, ठिबकची नळी. देताना स्वतः काठावर पालथे झोपा, उभे राहिलात तर तोच तुम्हाला आत ओढेल.

दुसरे, काहीतरी फेका : दोर, साडी, दोन-तीन उपरणी एकत्र बांधून. दोर हाताला गुंडाळू नका, मुठीत धरा. दोराच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधला तर उत्तम. पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्यात जवळपास पाच किलोचा उचल देतो. पाण्यात माणसाचे बहुतेक वजन पाणीच पेलते, प्रश्न फक्त डोके वर ठेवण्याचा असतो. त्याला एवढा उचल पुरतो. २० लिटरचा जार असेल तर दोघे त्याला धरून तरंगू शकतात. गाडीत ठेवलेले स्टेपनीचे चाकही तरंगते.

तिसरे, आत उडी नाही. जीवरक्षकाचे प्रशिक्षण आणि हातात तरंगणारी वस्तू नसेल तर नाहीच.

याच वेळी दुसऱ्या कोणी ११२ किंवा १०८ वर फोन करायचा आणि तिसऱ्याने माणूस शेवटचा दिसला ती जागा नजरेने धरून ठेवायची.

स्वतः प्रवाहात सापडलात तर? उभे राहण्याचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकतो. पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि तिरके तिरके काठाकडे सरका. पलीकडे जायचा हट्ट सोडा. प्रवाहाविरुद्ध पोहण्यात दम घालवू नका.

बाहेर काढल्यावर काय करू नये?

पोटावर दाब देऊन पाणी काढणे, उलटे टांगणे, खांद्यावर घेऊन गरगर फिरवणे हे प्रकार अजूनही सर्रास होतात. यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. मृतदेह मिठात झाकून ठेवला की माणूस जिवंत होतो, असे व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ निखालस खोटे आहेत.

बुडालेल्याला गरज असते ती हवेची. श्वास चालू नसेल तर पाठीवर झोपवा, डोके मागे करून हनुवटी वर उचला, नाक दाबून तोंडाने आधी दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि दोन श्वास, असे सुरू ठेवा. दाब मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती पाच सेंटिमीटर खाली जाईल इतका. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. आणि शुद्धीवर आला, बोलू लागला तरी रुग्णालयात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही उफाळतो.

बंदीचे फलक पुरेसे आहेत का?

प्रत्येक दुर्घटनेनंतर ‘येथे पोहण्यास सक्त मनाई’ असा फलक लागतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश निघाले. फलक आणि आदेश गरजेचे आहेतच. पण फलक ‘उतरू नका’ एवढेच सांगतो. इथे खोली किती, पाणी कधी सुटते, बाहेर यायला जागा कुठे, हे सांगत नाही. उतरलेल्याला तो बाहेरही काढत नाही.

इथे अंतराचा हिशेब पाहावा लागतो. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर साधारण चार ते सहा मिनिटांत कायमची इजा सुरू होते. एसडीआरएफची पथके धुळे आणि नागपूर येथे आहेत. एनडीआरएफची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे. धुळ्याहून अकोले सुमारे दोनशे किलोमीटर. पथकाने कितीही घाई केली तरी ती मदत तासांची आहे, गरज मिनिटांची आहे. दूरवरून येणारे पथक जवळपास नेहमी मृतदेह शोधायला येते. आणि सुगावला दिसले की त्या शोधातही जीव जातात. पहिल्या पाच मिनिटांत बचावाचे काम करू शकेल असे पथक एकच : त्या वेळी काठावर असलेले लोक.

म्हणून खर्च आणि प्रयत्न काठावर व्हायला हवेत. जागतिक आरोग्य संघटना जे उपाय सुचवते, तेही असेच आहेत : पाण्याभोवती अडथळे, लहान मुलांसाठी देखरेखीची जागा, शाळकरी मुलांना पोहणे आणि जलसुरक्षेचे शिक्षण, काठावरच्या लोकांना सुरक्षित बचावाचे प्रशिक्षण, बोटींचे नियम आणि पूर व्यवस्थापन. यातले बरेचसे ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे. प्रत्येक बंधाऱ्यावर आणि घाटावर खांबाला लटकवलेला २०-२५ मीटर दोर, त्याला बांधलेला कॅन किंवा रबरी टायर आणि एक लांब बांबू. आवर्तन सुरू झाल्यावर दवंडीऐवजी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तारीख आणि विसर्ग. शाळेत उन्हाळी सुटीपूर्वी एक तास दोर फेकण्याचा आणि छाती दाबण्याचा. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना असेच प्रशिक्षण दिले जाते. गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना ते मिळाले तर त्यांचे कौशल्य कामी येईल.

मुलींनाही पोहायला शिकवायला हवे. धुणे धुवायला, पाणी आणायला काठावर सर्वाधिक वेळ बायका-मुली जातात आणि विहिरीत शिकायला मात्र मुलगे. शिकवताना सुरुवात सुरापासून नको, तरंगण्यापासून हवी. पाठीवर पाच मिनिटे शांत तरंगता येणे हे सुंदर सूर मारण्यापेक्षा जास्त वेळा जीव वाचवते.

उतरण्यापूर्वी पाच प्रश्न

‘पाण्याचा अंदाज’ म्हणजे पाच प्रश्नांची उत्तरे. एक, पाणी वाहते आहे का? पान किंवा काडी टाकून पाहा. तुम्ही काठाने भरभर चालूनही काडी पुढे जात असेल तर उतरू नका. दोन, तळ आणि खोली माहीत आहे का? स्थानिकांना विचारा, सूर कधीही मारू नका. तीन, बाहेर कुठून यायचे? ती जागा आधी हेरून ठेवा. चार, वर धरण किंवा बंधारा आहे का आणि तिथून आज पाणी सुटणार आहे का? पाच, काठावर दोर घेऊन कोण थांबणार? दारू प्यायलेला माणूस यात धरायचा नाही, तो काठावरही नको आणि पाण्यात तर नकोच.

पाचपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर त्या दिवशी काठावर बसून डबा खाल्लेला बरा. निळवंड्याचे पाणी पुढच्या आवर्तनातही येणार आहे.